भिंतीमागची जमीन

मित्रांनो, मी जयपूरमधले एक कांदळाचे, म्हणजे खारफुटीचे, झाड आहे. खाडीतले झाड इतक्या कोरड्या शहरात कसे, असे तुम्हाला वाटेल. मी इथे प्लास्टिकच्या टबात, मिठाचे पाणी घातलेल्या चिखलात वाढले.

माझा जन्म मात्र कोकणातल्या एका खाडीवरचा. आमच्या बिया आईच्या फांदीवरच रुजतात आणि लांब शेंगांसारख्या लोंबत राहतात. २००४ साली गिरिजाताईंनी आम्हा बारा जणांना ओल्या गोणपाटात गुंडाळून जयपूरला आणले. त्या इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. हवा तापत चालली तर खारफुटीचे काय होईल, हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी काचेच्या एका खोलीत खाडीइतकीच ऊब ठेवली, दुसरीत चार अंश जास्त. मी दुसरीत होते.

पहिल्या वर्षी आम्ही सहा जण पलीकडच्या सहांपेक्षा वीतभर उंच झालो. ताईंचे यजमान उमाकांत बँकेत अधिकारी होते. एका रविवारी ते आम्हाला पाहायला आले.

“मतलब, गरमी यांना मानवते!” ते हसून म्हणाले.

ताईंनी त्याच आनंदात आमच्या खाडीकाठच्या गावी वडिलांना, हरिभाऊंना फोन लावला. “बाबा, उष्णतेत कांदळ जोमाने वाढतंय!”

तेव्हा गावात वाद चालू होता. भरतीचे पाणी शेतांत शिरू लागले होते, म्हणून खारफुटीच्या अगदी पाठीशी दगडी भिंत घालायची होती. झाडांचे काय, असे काहींनी विचारले. हरिभाऊंनी लेकीचा शब्द सांगितला. भिंत उभी राहिली.

तिसऱ्या उन्हाळ्यात खाडीवरच पारा छत्तिसावर गेला, म्हणून आमच्या खोलीत तो चाळिशीला टेकला. पानांना अन्न करता येईना. त्यांच्या कडा करपल्या, वाढ थांबली. एकामागून एक माझी पाच भावंडे गेली. मी तीन पानांवर तगले. ताई वाळलेली रोपे उपटत होत्या.

त्याच आठवड्यात हरिभाऊंचा फोन आला. “अगो, पाणी पुरतं ओसरतच नाही आता. मुळं बुडालेलीच असतात. नवी रोपं कुजतायत.”

समुद्र चढला की आम्ही पिढी दर पिढी जमिनीकडे सरकतो. आता तिथे भिंत होती.

“बाबा, मी एका वर्षावर बोलले. थांबायला हवं होतं. चूक माझी.”

“तू उष्णतेचं सांगितलंस. भिंत आम्ही बांधली,” हरिभाऊ म्हणाले. “पण ये, आणि हे सगळ्यांसमोर सांग.”

ताई गेल्या. गावच्या सभेत उभे राहून त्यांनी आपली चूक सांगितली आणि भिंतीमागची थोडी जमीन झाडांसाठी सोडा, असे म्हटले. लोक चिडले. जमीन सोडायला कोणी तयार होईना. शेवटी हरिभाऊंनी आपल्या एका भातखाचराला तिन्ही बाजूंनी बांध घातला आणि त्यापुढची भिंत फोडून खारे पाणी आत घेतले. शेजाऱ्यांनी त्यांच्याशी बोलणे टाकले. त्या खाचरात काही शेंगा रुजल्या आहेत, असे ताई सांगतात. त्या जगतील का, हे त्यांनाही ठाऊक नाही.

मित्रांनो, थोडी ऊब मिळाली की आम्ही भराभर वाढतो. तेवढ्यावरून आमचे बरे चालले आहे, असे समजू नका. आमच्या पाठीमागे थोडी जमीन मोकळी ठेवा. आम्ही फार हळू चालतो, आणि पाणी आमच्यापेक्षा वेगाने येते आहे.