इंजिन चालू ठेवून

उभ्या ट्रकचं इंजिन मंद थरथरतं आहे, मागच्या फळ्यांच्या फटींतून वितळत्या बर्फाचं पाणी तापलेल्या डांबरावर टपटपतं आहे, आणि केबिनच्या खिडकीतून बाहेर आलेल्या सावळ्या हातात चहाचा ग्लास आहे. माझे वडील मला आठवतात ते नेहमी असे, चैत्र-वैशाखाच्या पांढऱ्या उन्हात, कुणाच्या तरी दाराशी आलेले आणि तरीही न उतरलेले. मालाडच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या उचलायच्या आणि वर्सोव्याच्या कोळीवाड्यात पोचवायच्या, हा त्यांचा धंदा. आयुष्यभर गारवा वाहून नेणाऱ्या या माणसाच्या पुढ्यातलं इंजिन मात्र कायम तापलेलं असायचं.

ट्रक जुना होता, पेट्रोलवर चालणारा. सकाळी थंड असताना एका हाकेसरशी उठायचा. पण एकदा तापला आणि तशात बंद केला, की पुन्हा चालू व्हायचं नाव नाही. तास-दीड तास रुसून बसायचा. एका मिस्त्रीने कॉइल बदलली, दुसऱ्याने प्लग, तिसऱ्याने पेट्रोलच्या पंपाला दोष देऊन नवा पंप बसवला. कोळणींनी लिंबू-मिरची बांधली. बाबा गोणपाटात बर्फाचा तुकडा गुंडाळून पंपावर धरत, तेव्हा कधीकधी ट्रकसाहेबांची मर्जी व्हायची. शेवटी त्यांनी स्वतःपुरता एक उपाय शोधला: गाडी बंदच करायची नाही.

त्या उपायाने त्यांचा स्वभाव घडवला, असं मला आता वाटतं. लग्न असो, पूजा असो, बाबा मांडवाच्या दाराशी ट्रक थांबवत, आहेर खिडकीतूनच देत, हात जोडत आणि निघून जात. नातेवाईक म्हणत, फार घमेंड आहे याला, दोन मिनिटं टेकत नाही. हे बोलणं बाबांच्या कानावर यायचं आणि ते तसंच चालू द्यायचे. आपली गाडी चालू होत नाही हे लोकांना कळण्यापेक्षा आपण घमेंडखोर ठरलेलं त्यांना परवडत होतं. चारचौघांत सेल्फ मारावा आणि इंजिनाने नुसतं कण्हावं, याची त्यांना इतकी लाज वाटायची, की त्या लाजेपायी त्यांनी कित्येक पंगती सोडल्या.

ताईचं लग्न घाटकोपरला झालं, टेकडीच्या उतारावरच्या एका चाळीत. तिच्या घरी न उतरायला बाबांना आयतंच कारण मिळालं. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीही पिऊ नये, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे बाबा दारात हॉर्न वाजवत, ताई खाली येऊन आंब्याची करंडी नाहीतर सुकी मासळी घेऊन जाई आणि कुणालाच त्यात वावगं दिसत नसे. गंमत म्हणजे हॉर्न वाजला की ताईचे सासरेही मागच्या जिन्याने बाहेर पडत. ते गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यापासून भरदुपारी घरात सापडण्याची त्यांना लाज वाटे. व्याह्याने ‘सध्या काय चाललंय?’ असं विचारलं तर काय सांगायचं? एक व्याही उतरत नव्हता, दुसरा थांबत नव्हता, आणि दोघेही एकमेकांना मानी समजत होते.

मग ताईला मुलगी झाली. बाळंतपण आमच्याकडे झालं. तिला सासरी पोचवायचं ठरलं तेव्हा ताईने बाबांना बजावलं, “या वेळी तुम्ही वर यायचं. माझ्या हातचं जेवायचं. आता कुठली रीत आड येतेय?” बाबा हसले, हो म्हणाले. ती माहेरी असताना रोज त्यांना वाढत होतीच. पण आपल्या संसारातल्या ताटावर बाप बसलेला पाहायची तिची हौस वेगळी होती. लग्न झाल्यापासून तिने दुसरं काही मागितलंही नव्हतं.

त्या दिवशी ट्रकमध्ये बर्फ नव्हता. मागे पाळणा बांधला होता, त्याच्याशेजारी आई आणि मी. पुढे बाबांच्या बाजूला बाळाला घेऊन ताई. मालाडहून घाटकोपरपर्यंत ऊन नुसतं ओतत होतं. चाळीपाशी पोचलो तेव्हा बॉनेटवर हात ठेववत नव्हता. बाळ नुकतंच झोपलं होतं. ताई हळूच म्हणाली, “बाबा, बंद करा ना. उठेल ती.” बाबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि चावी फिरवली. इतकी शांतता मी त्यांच्या आसपास कधी ऐकली नव्हती. ते वर आले, पाय धुतले, पाटावर बसले. ताईने केळीच्या पानावर वालाची उसळ वाढली, भातावर वरण घातलं, तुपाची धार धरली. त्यांनी चित्राहुती घालायला तळहातावर पाणी घेतलं होतं, आणि खालून ओरडा आला.

“कोणाचा ट्रक हाय रे हा? टँकर आत येत नाय!”

पाण्याचा टँकर आला होता. उन्हाळ्यात त्या चाळीला तोच आधार. गल्लीच्या तोंडाशी आमचा ट्रक, त्याच्यामागे टँकर, आणि हंडे-कळश्या घेऊन उभी सगळी चाळ. बाबा पानावरून उठले. मी गॅलरीतून पाहत होते. त्यांनी सेल्फ मारला. इंजिन घरघरलं, थांबलं. पुन्हा मारला. घाबरून ते अ‍ॅक्सिलरेटर दाबत सुटले. पेट्रोलचा वास वरपर्यंत आला आणि सेल्फचा आवाज म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा क्षीण होत गेला. “काय काका, वाट लावली ना आमची!” एक बाई म्हणाली. बायका हसल्या. मग परटघडीच्या कपड्यांतले ताईचे दीर, नवरा आणि शेजारचे चौघे बाह्या सरसावून ट्रक ढकलू लागले. स्टिअरिंगवर बसलेल्या बाबांनी मान वर केली नाही. त्यांचे कान लाल झालेले मला तेवढ्या उंचीवरूनही दिसत होते.

ट्रक बाजूला लागल्यावर त्याच्याजवळ एकच माणूस उरला, ताईचे सासरे. त्या दिवशी त्यांना मागच्या जिन्याने जाता आलं नव्हतं. त्यांनी बॉनेट उघडलं, खांद्यावरचा पंचा टँकरखाली भिजवून पंपावर टाकला आणि म्हणाले, “आता अ‍ॅक्सिलरेटर पुरा दाबून धरा. सोडू नका, पंपिंग करू नका.” थोड्या वेळाने इंजिन खोकलं, काळा धूर सोडून चालू झालं. बाबांनी खिडकीतूनच हात जोडले. “जेवून जावा हो,” विहीणबाई वरून म्हणाल्या. “भूक नाय आता,” बाबा म्हणाले. वर ताई पानावर माश्या बसू नयेत म्हणून पदराने वारा घालत उभी होती.

पुढच्या रविवारी व्याही आमच्या घरी आले. पिशवीत गिरणीच्या दिवसांतला एक जाड बेकलाइटचा तुकडा आणि कानशी. गाडी बंद केली की पंखा थांबतो, इंजिनची धग वर कार्बोरेटरला लागते आणि आतलं पेट्रोल चहाच्या आधणासारखं उकळतं, असं त्यांनी समजावलं. दोहोंच्या मध्ये धग अडवणारा जाड तुकडा असायला हवा. कुठल्याशा मिस्त्रीने तो हरवून कागदी पॅकिंगवर भागवलं होतं. त्यांनी घासून-घासून नवा तुकडा बसवला, पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून दूर बांधली. कामात त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की तेच पाहुणचाराला आल्यासारखे वाटत होते. वर्सोव्याची फेरी मारून आलेला तापलेला ट्रक बाबांनी बंद केला, पुन्हा चालू केला. झाला! “आता घरी या, बंद करून बसा निवांत,” व्याही म्हणाले. बाबांनी त्यांना आग्रह करकरून वाढलं आणि म्हणाले, “येतो ना.”

ते गेले नाहीत. ट्रक आता कुठेही थांबे, वर्सोव्यात बाबा होडीच्या सावलीत बसून गप्पा मारत. पण घाटकोपरला पुन्हा खिडकीतूनच करंडी. लोकांनी पाहिलं, ही एक लाज होती. त्याहून मोठी दुसरी होती: मुलीच्या बापाने व्याह्यांचं करायचं असतं, त्यांच्याकडून करून घ्यायचं नसतं. त्या भल्या माणसाने प्रेमाने जे दुरुस्त केलं, त्याच्या उपकाराखाली बाबांची मान कायमची वाकली. ताईने बोलावणं थांबवलं नाही. बाबांनीही कधी नाही म्हटलं नाही.

बाबा आजारी पडले तेव्हा त्यांचं अन्नावरचं मनच उडालं होतं. एका सकाळी ताई घाटकोपरहून डबा घेऊन आली. वालाची उसळ आणि मऊ भात. आईने ते ताटलीत काढून त्यांच्या पुढे धरलं. त्यांनी ताईकडे पाहिलं, मग हे कुठून आलं म्हणून आईला आपल्या मालवणीत विचारलं, “ह्या खयसून इला?”

“मियाच केलंय,” आई म्हणाली. “जेवा.”

ते जेवले. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले, वर “चव आली तोंडाक” म्हणाले. ताई स्वयंपाकघरात रिकामा डबा हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिची हौस पुरी झाली होती आणि ती कुणालाच सांगण्यासारखी नव्हती.

बाबांना जाऊन आता बराच काळ लोटला. काळाने त्यांचा चेहरा सौम्य केला आहे, आवाजही जवळजवळ पुसला आहे. पण ताई अजून कुणाला वाढायला वाकली, की वाढून झाल्यावर क्षणभर मान वर करत नाही. आपण बापाला फसवून जेवू घातलं याची ती लाज आहे, आणि ती ज्याने क्षमा करून मिटवावी तो माणूस ती गोष्ट न कळताच निघून गेला आहे.