धक्क्यावरच्या चादरी

शनिवारची दुपार. धक्क्याचे दगड असे तापले होते की अनवाणी पाय ठेवायची सोय नव्हती. अन् अशा उन्हात आपले गादीवाले खांद्यावर चादरींचं भलंमोठं बोचकं घेऊन घराबाहेर पडायच्या बेतात होते.

"अहो, सिनेमा अंधार पडल्यावर आहे," त्यांची बायको म्हणाली. "आत्ता कुठे निघालात?"

"जागा धरायला."

"किती जणांची?"

"आपल्या चौघांची. तुझी बहीण आली तर तिची. तिचे दीर आले तर त्यांची. दुकानातला कारागीरही येईन म्हणाला होता."

"आणि यातलं कुणीच आलं नाही तर?"

"तर पाय पसरून बसू!"

बायकोने कपाळाला हात लावला. "मागच्या शनिवारी पण तुम्ही पाय पसरून बसला होतात. मागे लोक उभे होते. मला मेलीला मान वर करायची लाज वाटत होती."

"आज आई येणार आहे," गादीवाले म्हणाले, आणि हा त्यांचा हुकमी मुद्दा होता. त्यावर बायकोने बोचक्याची गाठ घट्ट करून दिली.

कारण गोष्ट खरी होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईने उंबरठा ओलांडला नव्हता. एके काळी सिनेमासाठी जीव टाकणारी बाई, हॉस्पिटलात नर्सची ड्यूटी संपवून परस्पर थिएटरात जाणारी, आता खिडकीशी बसून रस्ता बघत दिवस काढत होती. तिला लांबचं नीट दिसत नव्हतं, ऐकूही कमी येत होतं. "आई, तुला पहिल्या रांगेत बसवतो," असा शब्द गादीवाल्यांनी दिला होता. तो पाळायला ते उन्हातान्हात निघाले होते. माणूस वाईट नव्हता हो!

आता हा धक्क्यावरचा सिनेमा म्हणजे काय, ते सांगायला हवं. उन्हाळ्यात दर शनिवारी वस्तीतल्या ग्रंथालयाच्या बाई पाण्याकाठी पडदा बांधत आणि सगळ्यांना फुकट सिनेमा दाखवत. तिकीट नाही, दार नाही, पहिला वर्ग-दुसरा वर्ग नाही. पण आपण मंडळी अशी, की दार नसलं तर दार करतो! कुणीतरी एकदा दुपारीच चादर अंथरून ठेवली. दुसऱ्याने पुढच्या शनिवारी दोन अंथरल्या. मग चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायची पद्धत पडली, आणि दगड ठेवला की ती जमीन आपल्या मालकीची झाली. संध्याकाळी पुढे बघावं तर रिकाम्या चादरी ऐसपैस पसरलेल्या, आणि मागे, होड्या दुरुस्त करायच्या शेडपाशी, माणसं टाचा उंचावून उभी. त्यात होड्या रंगवणारी कुटुंबं सगळ्यात जास्त. त्यांचं काम संध्याकाळपर्यंत चाले, दुपारी चादर अंथरायला त्यांना सवड कुठून असणार?

गादीवाल्यांचा तर धंदाच गाद्यांचा. चादरींना काय तोटा! सात चादरी त्यांनी पहिल्या रांगेत अंथरल्या, दगड ठेवले, कमरेवर हात ठेवून आपलं राज्य एकदा डोळे भरून पाहिलं आणि घरी जाऊन झोपले.

संध्याकाळी आईचा थाट बघण्यासारखा होता. ठेवणीतली साडी, केसांना तेल, हातात काठी. एका बाजूने मुलगा, दुसऱ्या बाजूने सून, आणि नात पुढे पळत रस्ता मोकळा करतेय. "हळू गं, लग्नाला नाही निघालो," आई म्हणाली, पण तिचाच पाय घाईने पडत होता.

धक्क्यावर पोचले आणि गादीवाल्यांचा चेहरा खर्रकन उतरला. चादरी जिथल्या तिथे होत्या. पडदा जागेवर नव्हता!

झालं होतं असं, की संध्याकाळी पाण्यावरून वारा सुटला आणि पडदा पोट फुगवून उडायला लागला. दोऱ्या तुटायची वेळ आली. तेव्हा ग्रंथालयाच्या बाईंनी तो सोडवला आणि धक्क्याच्या पार दुसऱ्या टोकाला, शेडच्या भिंतीवर, वाऱ्याच्या आडोशाला बांधला. "मंडळी, तोंडं फिरवा!" त्यांनी कर्ण्यातून पुकारा केला, आणि पुढची रांग होती ती मागची झाली, मागची होती ती पुढची. एरवी टाचा उंचावणारे रंगारी आज पडद्यासमोर मांडी घालून बसले होते. सगळीकडे नुसता हशा!

गादीवाले तडक बाईंकडे गेले. "अहो बाई, दुपारपासून जागा धरलीय मी!"

"तुम्ही जागा धरली होती, मला पडदा धरायचा होता," बाई म्हणाल्या. "वारा काय माझं ऐकतो?"

गादीवाल्यांनी मागे वळून आईकडे पाहिलं. ती काठीवर रेलून उभी होती, समोर गर्दी दाटलेली. दिलेला शब्द डोळ्यांदेखत मोडत होता. ते अगदी रडायच्या बेतात आले.

तेवढ्यात पुढून हाक आली. "मावशी! अहो काठीवाल्या मावशी! इकडे या, पुढे!" एक रंगारीण उठून हात हलवत होती. तिच्या सासूने सरकून जागा केली, सासूपाशी बसलेल्यांनी आणखी केली. गर्दी आपोआप दुभंगली आणि आई थेट पडद्यासमोर जाऊन बसली.

"तुमच्या मुलाला मी ओळखते हो," म्हातारी सासू आईच्या कानाशी जोरात म्हणाली. "मागच्या शनिवारी यानेच आम्हाला उठवलं. म्हणाला, माझी म्हातारी आई यायची आहे. पण गोड बोलून उठवलं हो, रागावला नाही!"

आईने मान वळवून मुलाकडे पाहिलं. मागच्या शनिवारी ती घरी पलंगावर होती.

"काय रे? माझं नाव सांगून दुसऱ्याच्या आईला उठवलंस?"

गादीवाले उगाच सदऱ्याची बाही सारखी करू लागले.

"मी अख्खा जन्म वॉर्डात काढला," आई म्हणाली. "खाटा कमी आणि माणसं जास्त. पण उद्या कुणी मोठा येईल म्हणून आज दारात आलेल्याला आम्ही कधी परतवून लावलं नाही. आलेला माणूस आधी! तुझी माया कळते मला. पण मायेपोटी केलं म्हणून दुसऱ्याचं हिसकावलेलं आपलं होतं का रे?"

"चुकलं, आई," गादीवाले म्हणाले. मग सासूकडे वळून त्यांनी हात जोडले. "चुकलं, आजी."

"अरे, बस आता! आणि आधी त्या चादरी आण. ही पोरं नुसत्या दगडावर बसलीत," आई म्हणाली.

गादीवाले पळतच सुटले! दगड भिरकावले, सातही चादरी खांद्यावर घेतल्या आणि परत येऊन दिसेल त्याच्याखाली अंथरत सुटले. त्यांचं बघून दुसऱ्यांनीही आपापल्या चादरी उचलून आणल्या. चादरीला चादर लागली आणि कुठली कुणाची ते ओळखू येईना. कुत्र्यांना भिणाऱ्या चोराचा विनोदी सिनेमा होता. दोन्ही म्हाताऱ्या एकमेकींच्या मांडीवर थापा मारत हसल्या, आणि ऐकू न आलेले संवाद एकीने दुसरीला सांगितले, तेही साफ चुकीचे. आईला इतकं हसताना गादीवाल्यांनी कितीतरी महिन्यांनी पाहिलं. त्यांनी सिनेमा कमी आणि आईलाच जास्त पाहिलं.

पुढच्या शनिवारी पडदा पुन्हा पाण्याकाठी बांधला. दुपारी धक्क्यावर एकही चादर नव्हती. संध्याकाळी गादीवाले आले ते हातगाडीवर जुन्या गाद्या घालून. गुडघे दुखणाऱ्यांनी पुढे बसावं म्हणून त्यांनी त्या पहिल्या रांगेत टाकल्या, आणि स्वतः मागे जाऊन उभे राहिले. सिनेमा सुरू झाल्यावर एक अनोळखी कुटुंब येऊन गर्दीच्या कडेला घुटमळलं. बाईच्या कडेवर तान्हं मूल होतं.

"सरका, मंडळी, सरका जरा!" गादीवाल्यांनी आवाज दिला, आणि अख्खा धक्का वीतभर सरकला.

वाचकहो, एवढंच तर करायचं असतं! जे सगळ्यांचं आहे ते आधी येऊन अडवलं म्हणून आपलं होत नाही. बाग असो, बाक असो की धक्का, आपण वीतभर सरकलो तर आपलं काही कमी होत नाही, आणि उभ्या माणसाला मात्र बसायला मिळतं.

ते कुटुंब बसलं. बाईने मुलाला मांडीवर घेतलं, आणि पहिल्याच विनोदाला ते तान्हं सगळ्यांच्या आधी खुदकन हसलं.