सात दिवस खाली न टेकलेली गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. चुडाव्याजवळच्या एका गावात, देवळातल्या काचेच्या कपाटात माझा मुक्काम आहे. गावात सगळे मला वीणा म्हणतात. मी त्यांची चूक कधी दुरुस्त केली नाही, कारण मला बोलता येत नाही. मग हे तुम्हाला कसं ऐकू येतंय, ते मलाही कळलेलं नाही.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यातला. तिथून हैदराबादच्या दुकानात येऊन लटकले आणि दोन वर्षांनी भुजंगने मला खाली उतरवलं. भुजंग म्हणजे या गावच्या किशनरावांचा थोरला मुलगा. सिकंदराबादला मामाकडे राहून तो कॉलेज करत होता, निदान घरी तसं सांगत होता. तिथं रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब होते. त्यांनी त्याला कागदावर लिहिलेल्या विलायती संगीताचे जुने तुकडे शिकवले, सिनेमाची गाणी शिकवली, आणि कुणी अजून रचलंच नाही असं काही वाजवायचं धाडसही दिलं. पुढे भुजंग एका ऑर्केस्ट्रात लागला. गिटार येत होती म्हणून नव्हे, त्याच्याकडे पांढरे बूट होते म्हणून. पण तीन-चार वर्षांत लोक त्याच्या हाताकडे बघायला लागले. ती माझी खरी कमाईची वर्षं.

सत्त्याऐंशी साली परभणीत त्याचा पहिला एकट्याचा कार्यक्रम ठरला. शुक्रवारी, संध्याकाळी सहाला. गार्डसाहेब स्वतः येणार होते. त्यांनी पत्रात लिहिलं होतं, की मन भरलं तर सोमवारी मी तुला आमच्या वादकांबरोबर दौऱ्यावर नेईन. नाही भरलं तर काय, ते लिहिलं नव्हतं. भुजंग तालमीसाठी गावी आला, मला खुंटीला अडकवलं आणि नव्या तारा आणायला नांदेडला गेला.

नेमका दुसऱ्या दिवसापासून गावात सप्ताह बसणार होता. सप्ताह म्हणजे सात दिवस अखंड नामस्मरण. त्यात वीणेचा नियम कडक. दोन-दोन तासांच्या पाळीने एकेकाने ती गळ्यात घालून उभं राहायचं. पुढचा माणूस आल्याशिवाय काढायची नाही, थांबवायची नाही, आणि सात दिवस जमिनीला टेकवायची नाही. एवढी जपायची ती वीणा, आणि सप्ताहाच्या तोंडावर भुजंगचा चुलतभाऊ सुग्रीव तिच्यावर बसला. अंधारात दिसली न्हाई, असं तो म्हणाला. दुपारचे बारा वाजले होते.

किशनराव भजनी मंडळाचे प्रमुख. ते घरी आले आणि त्यांची नजर खुंटीवर गेली.

"तारा हायेत, भोपळा हाय," ते माझ्या पोटावर थाप मारून म्हणाले. "अजून काय पायजे?"

"दोन तारा जास्तीच्या हायेत की," सुग्रीव म्हणाला.

"तू गप. तुझ्यामुळंच हे झालंय."

माझ्या कपाळाला, म्हणजे जिथं कपाळ असावं असं त्यांना वाटलं तिथं, बुक्का लागला. गळ्यात हार पडला. सहाही तारा ताणून-सैलावून सा आणि पा असे दोनच सूर ठेवले आणि नाम सुरू झालं. भुजंग परतला तेव्हा मी देवळात टुंग, टुंग, टुंग करत होते. रोज अंगावर शेकडो सूर खेळवणाऱ्या मला वाटलं, हेच आता मरेपर्यंत.

"आबा, शुक्रवारी माझा कार्यक्रम हाय," भुजंग म्हणाला.

"मंग कर की. कोण नगं म्हणायलंय?"

"हिच्याबिगर कसा करू? दुसरी एखादी वीणा आणून देतो."

"मधी वीणा बदलली की सप्ताह मोडला. गावावर काय आलं तर तू निस्तरणार का?"

भुजंग खांबाला टेकून बसला. त्याचा हात नकळत मांडीवर चालत होता. तीन दिवस तो तसाच बसून मांडीवर रियाज करत राहिला आणि मी आठ फुटांवर उभी होते.

गुरुवारी त्याची आई, धुरपताबाई, वाढता वाढता थांबल्या. "दिंडी निघती तवा वीणा देवळाबाहेर जाती का न्हाई?"

"जाती," किशनराव म्हणाले.

"किती लांब जावी, असं कुठं लिवलंय का?"

किशनरावांनी घास तोंडाशीच धरून पुष्कळ विचार केला. लिहिलेलं नव्हतं.

"मंग दिंडी परभणीला काढा," त्या म्हणाल्या आणि भाकरी वाढली.

विद्यापीठाचं नाव बदलावं की नाही, यावरून तेव्हा मोर्चे आणि बंद चालत, एसटीचा भरवसा नसे. म्हणून दिंडी चुडावा स्टेशनात शिरली. टाळ, पखवाज, पताका आणि भुजंगच्या गळ्यात मी. डब्यात गर्दी होती. मी चुकून टेकू नये म्हणून सुग्रीव थेट परभणीआधीचं पिंगळी स्टेशन मागे पडेपर्यंत माझ्याखाली ओंजळ धरून बसला. तिकीट तपासनीसाने विचारलं तेव्हा त्याने तिकीट तोंडात धरून पुढे केलं.

मंचावर खुर्ची मांडलेली होती, पण विणेकऱ्याला बसता येत नाही. भुजंग उभाच राहिला. मागे मंडळी हळू आवाजात रामकृष्णहरी म्हणत होती. नाद न थांबवता त्याने एकेक तार सुरात आणली आणि मग त्याच्या बोटांनी मला सोडवलं. आधी गार्डसाहेबांचा जुना, संथ तुकडा. त्यातूनच पखवाजाच्या बोलांवर बांधलेलं त्याचं स्वतःचं नवं काम. टाळ्या पडल्या की वादक थांबतात, वाकतात. आम्हाला थांबायची सोय नव्हती. टाळ्यांखालूनही मी चालूच होते.

गार्डसाहेब काठी टेकत जवळ आले. "बीच में रुकना मैंने सिखाया था रे," ते म्हणाले. "अच्छा हुआ, भूल गया. सोमवार को चल."

माझं सामान म्हणजे मीच. मी तयार होते.

रविवारी काला होऊन सप्ताह संपला. भुजंग मला न्यायला आला तेव्हा किशनरावांनी मला कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं.

"जिनं सप्ताह पार पाडला ती आता देवाची," ते म्हणाले. "तू जा बाबा. तुला न्हाई अडवत."

भुजंग गार्डसाहेबांची गिटार घेऊन गेला. मोठमोठ्या शहरांत त्याचं नाव झालं. मी हळदीकुंकू लावून घेत राहिले. दरवर्षी सप्ताहात मला बाहेर काढतात तेव्हा लोक माझ्या पोटात खडीसाखर टाकतात आणि मुंग्या ती नेतात. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर विद्यापीठाला नवं नाव मिळालं, ते मी काचेतूनच ऐकलं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपल्यालाही आपलं नाव परत मिळू शकेल.

मित्रांनो, वाद्याला हात जोडू नका, हात लावा. ओरखडे पडतील, तार तुटेल, चालेल. नमस्काराने आमचं लाकूड आतून सुकतं.

एक सांगायचं राहिलं. भुजंग कुठेही असला तरी दर सप्ताहाला एका पाळीसाठी गावी येतो. वर्षभर जे जे वाजवलं, ते सगळं नामाच्या आडून हळू आवाजात मला ऐकवतो. नियमाने त्याला दोनच तास मिळतात. पण त्याच्यानंतरची पाळी सुग्रीवची असते, आणि पुढचा माणूस आल्याशिवाय वीणा काढता येत नाही. सुग्रीव दरवर्षी उशिरा येतो. गेल्या वर्षी पाच तास उशिरा आला. किशनराव त्याला सगळ्या गावासमोर बोलतात.

घड्याळ दिसलं न्हाई, म्हणतो.