शौकत मिस्त्रीची फुली

शौकत मिस्त्रीला शाळेत कुठली परीक्षा पास झाल्याचं आठवत नव्हतं. म्हणून साठी ओलांडल्यावर मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला ‘निरोगी’ गटात घेतलं, तेव्हा त्याला कोण आनंद झाला. ही बातमी त्यानं पडेगावात सांडूच्या हॉटेलावर सांगितली, मशिदीबाहेर सांगितली, आणि ज्यांना ऐकायची नव्हती त्यांनाही रस्त्यात अडवून सांगितली.

खरं बोलावणं होतं बन्सीला. दोघं वाळूजच्या कामगारांना नेणाऱ्या-आणणाऱ्या बसवर हयातभर राबलेले. बन्सी ड्रायव्हर, शौकत मिस्त्री. गेल्या साली बन्सीला लकवा मारला. उजवा हात लुळा पडला आणि जिभेवरचे शब्द पळाले. उरले दोनच, ‘हां’ आणि ‘नाय’. पूर्वी ट्रकवाल्यांना तो ज्या शिव्या द्यायचा त्या आठवून त्याची बायको चतुराबाई म्हणायची, “तेवढ्या तरी ठेवायच्या व्हत्या देवानं. घर लई गप झालं.”

डॉक्टर फहमिदा यांचं संशोधन होतं ते असं, की मेंदूला झटका बसून गेल्यावर माणसाचं हृदय पूर्वीसारखं वागतं का. आडवं झोपवून आणि मग उभं करून ठोके कसे बदलतात ते यंत्रावर टिपायचं, आणि त्याच वयाच्या धडधाकट माणसाशी ताडून बघायचं. लकव्याची माणसं मिळत, धडधाकट मिळेनात. काही दुखत नसताना दवाखान्याची पायरी कोण चढतो? शेवटी बाईंनी युक्ती काढली. प्रत्येक पेशंटनं आपला एक जोडीदार घेऊन यायचं. बन्सीनं डाव्या हाताचं बोट सरळ शौकतकडे केलं.

येताना चहा-बिडी घ्यायची नाही, एवढीच अट. पण अट घालणाऱ्या बाईंना पडेगाव माहीत नसावं. सांडूनं शौकतला लांबूनच हाक मारली. “निरोगी माणसाला नाय पाजायचा तर चहा काय आजाऱ्याला पाजू?” आणि समोर धरलेला चहा नाकारणं म्हणजे भांडण काढणं. शौकत भांडखोर नव्हता.

तपासणीत बन्सीचे ठोके शहाण्या मुलासारखे रांगेत उमटले. शौकतच्या ठोक्यांना मात्र कसला मेळच नव्हता. दोन जवळजवळ, मग मोठी फट, मग तीन घाईघाईनं. फहमिदाबाईंनी तारा काढून पुन्हा लावल्या, यंत्र तपासलं, आणि शौकतकडं पाहिलं.

“चाचा, चाय पी के आए?”

“थोडी.”

“थोडी म्हणजे किती?”

“आता सांडू पाजतो तितकी.”

दुसऱ्या खेपेला तो तोंडाला रुमाल बांधून हॉटेलामागच्या बोळातून चोरासारखा निघाला. चहाचा थेंब पोटात नव्हता. तरी कागदावर तीच दाणादाण.

या वेळी फहमिदाबाई हसल्या नाहीत. स्टूल ओढून त्याच्याजवळ बसल्या. “चाचा, हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायला हवेत. तुमचे नुसते थरथरतात. त्यामुळं रक्त साचतं, साचलेल्या रक्ताची गुठळी होते, आणि ती सुटली की मेंदूत जाऊन अडकू शकते.” त्यांनी बाजूला बसलेल्या बन्सीकडं पाहिलं. “लकवा असाही येतो. यावर औषध आहे, पण आजच हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि निरोगी गटातून तुमचं नाव मला काढावं लागणार.”

हे शेवटचं वाक्य शौकतला झोंबलं. आता गावात तोंड कसं दाखवायचं? छातीत दुखत नाही, दम लागत नाही, मग आजार कुठला? “मशीन खराब हुई तुमारी,” असं म्हणून तो चपला घालून चालता झाला.

चतुराबाईंचे फोन त्यानं घेतले नाहीत. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. बन्सीला पाण्याच्या घोटानं ठसका लागताना त्यानं पाहिलं होतं, चतुराबाईंचं नाव ओठांवर आणता आणता रडताना पाहिलं होतं. डॉक्टरकडं गेलं तर आपल्यालाही ते होऊ शकतं हे मान्य करावं लागलं असतं. न गेलं तर निदान मशीनला नावं ठेवता येत होती.

आता डेपोतली एक रीत सांगायला हवी. शौकत इंजिन कानानं तपासायचा. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. गाडी मिसिंग मारत असली, म्हणजे ठोका चुकवत असली, की काचेवर खडूनं फुली. फुलीची गाडी उभी राहायची, मग कामगार बोंब मारोत नाहीतर मालक. आणि फुली ज्यानं मारली त्यानंच पुसायची. मालक नानासाहेबांनी एकदा घाईत पुसायला हात उचलला, तर शौकत किल्ली खिशात घालून घरी जेवायला निघून गेला. त्यानंतर तसा हात कुणी उचलला नाही.

त्या आठवड्यात शौकतच्या भाच्याचं सोयगावला लग्न निघालं. निळा पठाणी घालून, अत्तर लावून तो जीप पुसत होता. गाडी स्वतःच चालवणार होता. मुलगा फारूख सामान भरत होता. तेवढ्यात काठी टेकत, पाय ओढत बन्सी आला, मागून चतुराबाई. “सकाळपासून माळ्यावर काय शोधायलेत ते मला कळंना,” ती म्हणाली.

बन्सीनं काठी तिच्याकडं दिली आणि कमरेला खोचलेला पेचकस काढला. तो शौकतचाच होता, निवृत्त होताना त्यानं बन्सीला दिलेला. बन्सीनं टोक शौकतच्या छातीवर टेकवलं, मुठीला कान लावला, डोळे मिटले.

“अबे, टोचतंय,” शौकत हसत म्हणाला.

बन्सी हसला नाही. मान तिरकी करून ऐकत राहिला, शौकत ऐकायचा अगदी तशीच. मग पेचकस खाली ठेवला, खिशातून खडू काढला आणि डाव्या हातानं त्या निळ्या पठाणीवर, बरोबर छातीवर, एक वाकडीतिकडी फुली मारली.

फारूखचे हात सामानावरच थांबले.

“बन्सीभाऊ, गाडी चालतीय अजून,” शौकत म्हणाला.

“नाय.”

“एवढं लग्न होऊ दे. आलो की दाखवतो.”

“नाय.”

शौकतला आपलेच शब्द ओळखीचे वाटले. एवढी खेप मारून येतो मिस्त्री, मग लाव गाडी गॅरेजला. प्रत्येक ड्रायव्हरनं त्याला हेच सांगितलं होतं, बन्सीनं तर सगळ्यांत जास्त वेळा. आणि शौकतनं एकदाही ऐकलं नव्हतं. त्याचा हात खडू झटकायला वर गेला, फुलीपाशी आला आणि तसाच खाली आला. त्यानं जीपची किल्ली फारूखच्या हातात दिली. “तू जा. कोई पूछे तो बोल, अब्बा की गाडी खडी है.”

बन्सीबरोबर तो कॉलेजात पोचला, तेव्हा फहमिदाबाई त्याच्या छातीकडं बघतच राहिल्या. “चाचा, ये क्या है?”

“फुली है. इनोंच मारे, इनोंच मिटाना.”

बाईंना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्या स्वतः दोघांना हृदयाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. तपासण्या झाल्या, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज, न चुकता, असं डॉक्टरांनी बजावलं. बाहेर बाकावर बसून शौकतनं बन्सीसमोर पहिली गोळी पाण्याबरोबर गिळली आणि छाती पुढं केली.

“घेतली बघ. आता तरी पूस.”

बन्सीनं गोळ्यांची पट्टी हातात घेतली. एकच घर रिकामं होतं, बाकी सगळी भरलेली. ती त्यानं शौकतच्या खिशात परत ठेवली आणि खडू आपल्या खिशात घातला.

“नाय,” तो म्हणाला.

मिस्त्री असाच कडक हवा. शौकतची भीती कितीतरी दिवसांनी जरा उतरली, आणि छातीवरची फुली घेऊन तो बन्सीच्या चालीनं सावकाश पडेगावकडं निघाला.