वाडीच्या मशीनवरचा लाल दिवा

काचेला तडा गेलाय, आत धूळ बसलीय, तरी मी बोलतोय. मी जुगाराच्या मशीनच्या डोक्यावरचा लाल दिवा. विलायतेत जन्मलो, एका जहाजावर राबलो. जहाज भंगारात निघालं तेव्हा मुंबईच्या लिलावातून ट्रकवर चढलो आणि सत्त्याहत्तर साली नागपूरच्या वाडीत उतरलो. अमरावती रोडवर चंपतरावांचं गोदाम होतं. त्याच्या मागच्या खोलीत आमचं मशीन मांडलं गेलं.

माझं काम एकच. नाणं टाकून दांडा ओढला आणि फिरणाऱ्या चित्रांतल्या तीन घंट्या एका ओळीत आल्या, की मी लागायचो. मोठं बक्षीस मशीनच्या पोटातून पडत नसे. मला पाहून चंपतराव स्वतः आणून देत. हमाल, ड्रायव्हर सगळे माझ्याकडे डोळे लावून बसायचे. "दिवा लागला तं जिंकला," एवढा एकच कायदा त्या खोलीत होता. माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू?

दोनदा बक्षीस गेलं आणि चंपतरावांच्या पोटात दुखायला लागलं. त्यांनी केशव मिस्त्रीला बोलावलं. "याची वायर काप. भायेरून दिसाले नको." केशवनं खाली मान घालून वायर कापली, टोकावर चिकटपट्टी गुंडाळली. मी मुका झालो आणि कोणाला कळलंही नाही.

आठवड्यानं रुपराव हमालाला तीन घंट्या आल्या. माझ्या खालीच आल्या, मी पाहिल्या. त्याला आधी हसूच फुटलं.

"भाऊ, तीन घंट्या आल्या."

चंपतराव आले आणि बोलता बोलता नाणं टाकून दांडा ओढून मोकळे झाले. चित्रं फिरली, घंट्या गेल्या.

"दिवा लागला काय गा?" त्यांनी सगळ्यांना विचारलं.

"नाही लागला," दहा तोंडं बोलली.

"मी माह्या डोयानं पाह्यलं ना."

"म्हणजे दिवा खोटा अन् तू खरा?"

रुपरावानं चंपतरावांची गचांडी धरली. तसे त्याचेच जोडीदार त्याच्यावर तुटून पडले. लाथा, बुक्के, केस धरून डोकं भिंतीवर. कोणीतरी टायर खोलायची लोखंडी टामी आणली. रुपरावानं डोक्यावर उजवा हात धरला. घाव हातावर बसला. मग दुसरा, तिसरा. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. हातावर पोट असलेल्या माणसाचा हात तो. माझ्या खरेपणाच्या नावानं त्याला मारत होते आणि मी विझलेला उभा होतो. ती लाज अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंचफुला आली. रुपरावाची बायको, गोदामातच बारदान शिवायची. खोलीत कालचेच सगळे होते. तिनं कोपऱ्यातली टामी उचलली.

"काय करून राहिली वं?" चंपतराव उठले.

"दिव्यालेच इचारून पाह्यतो."

पहिल्या घावानं मला तडा गेला. दुसऱ्या घावानं मी उखडून खाली आलो, मागे लोंबणाऱ्या कापलेल्या वायरसकट. तिनं मला उचललं आणि ते पट्टी गुंडाळलेलं टोक एकेकाच्या तोंडासमोर धरलं.

एकानं पट्टी सोलली, आत तार साफ कापलेली. मग काल रुपरावाला तुडवणारे चंपतरावांवर धावले. मालकाचे दात पडले, कानातून रक्त आलं.

"त्याले मारून काय होते?" पंचफुला म्हणाली. "माह्या नवऱ्याचा हात देता काय कोनी?"

कोणी थांबलं नाही. ती मला पदरात गुंडाळून निघाली.

आता मी रुपरावाच्या खोलीत खुंटीला असतो. त्याचा हात वाकडाच राहिला. पंचफुलाच्या शिवणीवर घर चालतं. एकदा केशव ट्रकची बॅटरी घेऊन आला आणि त्यानं माझी वायर जोडली. मी लागलो. रुपराव उठून माझ्यापाशी आला.

"लागला," तो म्हणाला. "आता बोलाव त्या दहा जनाईले."

केशव दारोदार फिरला. बॅटरी उतरेस्तोवर मी जळत होतो, पण कोणी आलं नाही. तुम्ही ऐकताय म्हणून सांगितलं, बाबांनो. पुढे कोणावर हात उचलाल, तर आधी दिव्यामागची वायर पाहा.