गावचा जावई पायी आला

हितेंद्रभाऊंच्या टाचांना फोड आले याचं मला काडीचंही वाईट वाटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही वाट बघत बसाल, की आता या पोरीला पस्तावा होईल, मग होईल. नाही होत.

भडगावहून आमच्या गावाला एक एसटी यायची. सकाळी आम्हाला शाळेत न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची. मागच्या वर्षी ती बंद झाली. प्रवासी नाहीत म्हणे. मग आम्ही दाटीवाटीने उभ्या असायचो त्या कोण, शेळ्या? तेव्हापासून आम्ही मोठ्या रस्त्याच्या फाट्यापर्यंत पायी जातो आणि तिथून जी गाडी थांबेल ती पकडतो. फाटा ते गाव चार किलोमीटर. दोन्ही बाजूंना डोक्याएवढी कपाशी, मध्ये खड्डे, आणि परत येताना अंधारून आलेलं असतं.

याच रस्त्यावर एक मोटरसायकलवाला कामिनीच्या मागे लागला. ओळीने तीन दिवस. कामिनी म्हणजे माझ्या बाकावरची, गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. तिने घरी सांगितलं, आणि घरच्यांनी मोटरसायकलवाल्याला शोधायचं सोडून कामिनीचीच शाळा बंद केली. आता ती कापूस वेचते. माझ्या वडिलांनी, म्हणजे निंबादादांनी, त्याच रात्री जेवताना माझ्याकडे न बघता सांगून टाकलं, "दिवाईलगून गाडी नही उनी, त तुन्ही शाळाबी बंद."

दिवाळीपर्यंतच मुदत, आणि तीही दहावीच्या वर्षी! मी ताटावरून उठले.

हितेंद्रभाऊ आमच्या गावचे जावई. जळगावला मोठं घर, मोठी गाडी, आणि जळगावची विमानं वाढावीत म्हणून जी समिती झाली तिचे अध्यक्ष. गणपतीत आरतीला आले होते, तेव्हा मी आणि कामिनी मांडवात त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिलो. "भाऊ, आमची बस सुरू करा ना," म्हटलं. मुंबईत त्यांची सगळीकडे ओळख आहे हे ते स्वतःच माइकवरून सांगत होते.

भाऊंनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तोट्याची गाडी सरकार कशाला चालवेल? चालत जा. चालल्याने मुली सडपातळ राहतात. पुढे लग्नालाही बरं पडतं."

मांडव हसला. कामिनी जरा अंगाने भरलेली आहे. ती खाली मान घालून मांडवाबाहेर गेली. मी नाही गेले. तिथेच उभी राहून मी त्यांचे पाय बघितले. गोरे, मऊ, नखं कापलेले पाय. मनात म्हटलं, थांबा.

दसरा झाल्यावर गावात बातमी आली. भाऊंच्या समितीने खटपट करून विमानाच्या इंधनावरचा कर जवळजवळ माफ करून घेतला होता. म्हणून आणखी एक विमान सुरू होणार होतं आणि पहिल्याच विमानाने भाऊ मुंबईहून येणार होते. चिंधा आबांनी, हे आमचे जुने सरपंच, ठरवलं की जावयाचा सत्कार करायचा.

आता माझ्याबद्दल. या वर्षी मी शाळेच्या लेझीम पथकाची प्रमुख झाले आहे. गळ्यात शिट्टी असते. मी फुंकली की पंचवीस पोरी एका पायावर वळतात. तुम्हाला सांगते, गळ्यात शिट्टी आली की माणसाचा आवाज बदलतो.

मी तडक आबांकडे गेले. "आबा, जावाई इमानथीन ई ऱ्हायना. त्याले गाडीमा बसाडी आनशात का? वाजतगाजत आना. आम्हनं लेझीम शे."

"वेशीवरतीन?" आबांनी विचारलं. मोठा झालेला जावई वेशीवरून वाजत आणायचा, ही आमच्याकडची रीतच आहे.

"वेस कथी ऱ्हायनी आते, आबा? पडी गयी. फाटावरतीन आना."

आबांना पटलं. भाऊंनाही पटलं, कारण त्यांच्याबरोबर व्हिडिओ काढणारा माणूस येणार होता आणि लेझीम व्हिडिओत फार छान दिसते. ते फोनवर आबांना म्हणाले, "मुली भरपूर ठेवा."

भरपूर ठेवल्या. कामिनीच्या आईला गाठून मी म्हटलं, काकू, जावयाच्या मिरवणुकीला नाही म्हणू नका. काकूंनी सोडलं. कामिनीला मी पहिल्या ओळीत उभं केलं.

दुपारी दोनला भाऊ फाट्यावर उतरले. पांढरा सदरा, आणि पायात कोऱ्या करकरीत कोल्हापुरी चपला. मी त्या चपला बघितल्या आणि मला दिवाळी आधीच आल्यासारखं वाटलं.

मी शिट्टी फुंकली. हलगी कडाडली. लेझमीत एक चाल असते, चार पावलं पुढे आणि दोन मागे. आम्ही गॅदरिंगला ती जरा वेळ करतो. त्या दिवशी मी ती बदललीच नाही. आम्ही चार पुढे गेलो की भाऊ चार पुढे. आम्ही दोन मागे आलो की भाऊंना दोन मागे सरकावं लागे, नाहीतर लेझीम नाकावर बसली असती. ऊन असं की हलगीवाल्याने सदऱ्याची बटणं सोडली.

निम्म्या वाटेवर भाऊ लंगडायला लागले. त्यांची गाडी मागून हळूहळू येत होती, काचा बंद करून, आत गारेगार. त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. तेवढ्यात कुंदाअक्का आडव्या आल्या. कुंदाअक्का म्हणजे भाऊंच्या चुलत सासूबाई, डोक्यावर कलश घेऊन सबंध वाट चालत होत्या, तेही अनवाणी.

"काय जवाईबापू, पोरी नाची ऱ्हायन्यात आनि तुम्ही गाडीमा बठतस का?"

बाया खिदळल्या. "इमानमा बठी बठी पाय इसरी गयात वाटतस!"

व्हिडिओवाला तोंडासमोरच होता. भाऊ हसले. "छे छे, मला चालायची सवय आहे."

"हाव ना!" मी ओरडले आणि शिट्टी फुंकली. चार पुढे, दोन मागे. कामिनीने त्या दिवशी जी लेझीम खेळली ती मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक ठेक्याला तिची नजर भाऊंच्या चपलांवर होती.

मारुतीच्या पारावर पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. भाऊ खुर्चीत अक्षरशः पडले. त्यांना वाटलं संपलं. पण जावयाचे पाय कोण धुणार? ती तर मुख्य रीत. कुंदाअक्कांनी पितळी परात पुढे ठेवली. परातीत पाणी ओतायचं काम माझ्याकडे होतं. त्या पाण्यात मी ओंजळभर मीठ विरघळवलं होतं. जाडं मीठ, लोणच्याचं.

भाऊंनी चपला काढल्या. टाचा सोललेल्या, अंगठ्याशी फुटलेला फोड. अख्ख्या गावाने बघितलं. पाय पाण्यात गेले आणि भाऊंचे डोळे गोल झाले.

कापूस वेचून कुंदाअक्कांच्या बोटांना चिरा पडलेल्या असतात. त्यांनी हात पाण्यात घातला, थबकल्या आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता मेले. पण अक्कांनी नजर वळवली आणि भाऊंचे दोन्ही घोटे घट्ट धरले. "बठा बापू, आजून धोवाना शेतस."

आभार मानायचे मलाच होते. मी माइक घेतला.

"भाऊंचे आभार. त्यांनी विमानाच्या इंधनावरचा कर माफ करून आणला. आमच्या एसटीच्या तिकिटात मात्र प्रवासी कर असतो, जुन्या कंडक्टरकाकांनीच सांगितलंय. म्हणजे माझी आई बाजाराला जाताना कर भरते आणि भाऊ उडतात. भाऊ, विमानात बसणाऱ्यांकडून कर घ्या, आणि तो मुंबई-दिल्लीला न पाठवता जिल्ह्यातच ठेवा, आमच्या गाड्यांसाठी. तुम्ही आज आमचा रस्ता एकदा चाललात. आम्ही रोज दोनदा चालतो. कामिनी तर आता चालतच नाही, कारण तिला घरी बसवलंय. तिची बस कधी सुरू होणार, ते इथेच सांगा."

"बघू, नक्की बघू," भाऊ दात आवळून म्हणाले आणि पाय उचलायला लागले. अक्कांनी उचलू दिले नाहीत. उलट ओल्या पंच्याने टाच चोळली.

"बघू नही. कव्हय?" हे अक्का म्हणाल्या. मागून बायाही म्हणाल्या, "कव्हय, बापू?" व्हिडिओवाला जवळ आला.

"सोमवारी!" भाऊ किंचाळले. "सोमवारपासून गाडी येईल! मी आजच फोन करतो! सोडा!"

अक्कांनी सोडले. पाय पुसायला पंचा मी दिला, आणि वाकून, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हटलं, "भाऊ, चालल्याने माणूस सडपातळ राहतो."

त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ना! मी ते जपून ठेवलंय.

सोमवारी गाडी आली. खिळखिळी होती, एक काच नव्हती, पण आली. निंबादादा पाराजवळ उभे होते. त्यांनी माझं दप्तर उचलून गाडीत ठेवलं. कामिनी खिडकीशी बसली. तिच्या आईने खालून डबा दिला आणि गाडी सुटेपर्यंत हात सोडला नाही.

रस्त्यात कामिनी म्हणाली, "सुलक्षणा, पुन्हा बंद केली तर?"

मी दप्तर उघडून तिला दाखवलं. वर शिट्टी होती. खाली कागदात बांधलेली जाड्या मिठाची पुडी.

"जावई आहे तो," मी म्हटलं. "सासुरवाडीला यावंच लागतं."