अकराव्या प्रश्नाचं उत्तर

रंग, धर्म, बोलण्याची ढब, अंगाची ठेवण, अशा गोष्टींवरून शाळेतली मुलं एकमेकांना किती छळतात, हे मोजणं माझं काम. दरवर्षी त्याच शाळांतली मुलं नाव न घालता फॉर्म भरतात आणि आम्ही एकेका उत्तराला आकडा देतो. पहिल्या वर्षी वाचताना घास गिळवत नव्हता. आता डबा खाता खाता आकडे टाकते. ‘काळी’ म्हटलं की एक, ‘ढोली’ म्हटलं की चार.

आज माझी मदतनीस फॉर्म घेऊन टेबलापाशी आली.

“ताई, अकराव्या प्रश्नाचं हे उत्तर कशात बसवू?”

“एवढं काय डोकं लावायचंय त्यात?” मी खेकसलेच. “हे कोणाला सांगितलंस, इतकंच तर विचारलंय. आईवडील असतील तर एक, शिक्षक दोन, मैत्रीण तीन. कोणालाच नाही तर शून्य.”

“तसं नाही हो. तुम्हीच वाचा.”

पेन्सिलीने, रेघ न सोडता, नीट लिहिलं होतं: ‘तुम्हाला. गेल्या वर्षी याच फॉर्ममध्ये सगळं लिहिलं होतं.’

गेल्या वर्षीचे फॉर्म माझ्या पाठीमागच्याच कपाटात होते. हे लिहिणाऱ्या मुलीच्याही फॉर्मवर आकडे मीच टाकले असणार. मी मागे वळले नाही. डब्याचं झाकण लावलं.

“ताई, काय टाकू?”

“शून्य,” मी म्हणाले. “पुढचा घे.”